एन्क्रिप्टेड मेसेज घरच्या कॉम्प्युटरवर, कुणाला न दाखवता कसा उघडायचा?

प्रश्न थोडक्यात असा. भाऊ मालवाहू जहाजावर, बहीण मालवणजवळच्या गावात. घराच्या वाटणीचे कागद आणि त्याबद्दलचं बोलणं भाऊ पीजीपीने, म्हणजे चावीच्या जोडीने मजकूर कुलूपबंद करण्याच्या पद्धतीने, एन्क्रिप्ट करून मेलने पाठवतो. आजवर बहीण तो मजकूर एका वेबसाईटवर चिकटवायची, खालच्या चौकटीत आपली खाजगी चावी आणि पासफ्रेज (त्या चावीचा शब्दांनी बनलेला लांब पासवर्ड) टाकायची आणि वाचायची. पावसात नेट गेलं की सगळं अडतं. शिवाय घरातला कॉम्प्युटर चुलत भावंडंही वापरतात. हे काम घरच्या घरी, खाजगीत कसं करायचं?

नेट नसताना तर ते उलट जास्त चांगलं होतं. पण आधी त्या वेबसाईटचं निस्तरू. जी खाजगी चावी पासफ्रेजसकट दुसऱ्याच्या पानावर चिकटवली, ती चावी गेली असंच धरायचं. अशा काही साईट खरोखरच सगळं काम तुमच्या ब्राउझरमध्येच करतात, सर्व्हरवर काही पाठवत नाहीत. पण काल आलेलं पान आणि आज आलेलं पान एकच आहे हे तुम्हाला पाहता येत नाही, आणि ब्राउझरला लावलेली एक्स्टेन्शन ते पान वाचू शकतात. साईट चालवणारा वाईट माणूस असायची गरजच नाही, दार उघडं राहिलं एवढं पुरतं.

पीजीपीत एक गोष्ट लोक विसरतात. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलसारखी इथे मेसेजागणिक चावी बदलत नाही. एकच खाजगी चावी सगळे जुने मेसेज उघडते. म्हणजे कुणाकडे ती चावी आणि तुमच्या मेलबॉक्सची प्रत असेल, तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं वाचता येतं. म्हणून क्रम असा ठेवा: पुढे सांगितल्याप्रमाणे नवी चावीची जोडी (मजकूर बंद करणारी सार्वजनिक, उघडणारी खाजगी) करा, जुनी रद्द करा, रद्द झालेली जुनी सार्वजनिक चावी आणि नवी सार्वजनिक चावी दोन्ही भावाला पाठवा, आणि फोनवर बोलून त्याच्याकडून खात्री करून घ्या. जुनी खाजगी चावी मात्र पुसू नका. रद्द केलेल्या चावीनेही जुने मेसेज उघडतात, ती पुसलीत तर तुमचेच जुने कागद तुम्हाला कायमचे बंद. आणि तोच पासफ्रेज मेलला किंवा बँकेला लावला असेल तर तिथेही आजच बदला.

आता आत काय घडतं ते दोन ओळींत, कारण पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच समजतात. भाऊ मेसेज एन्क्रिप्ट करतो तेव्हा त्याचा प्रोग्रॅम एक तात्पुरती चावी तयार करतो, मजकूर त्या चावीने बंद करतो, आणि ती तात्पुरती चावी तुमच्या सार्वजनिक चावीने बंद करून मेसेजच्या पुढे जोडतो. दोघांना पाठवायचं असेल तर तीच तात्पुरती चावी दोनदा बंद होते, मजकूर एकदाच. तुमच्याकडे उघडताना तुमची खाजगी चावी फक्त ती छोटी पुडी उघडते, आणि पुडीतल्या चावीने मजकूर उघडतो. यात कुठेही इंटरनेट लागत नाही. मेल उतरवून घेतला की वायफाय बंद करून बसा. तेवढ्या वेळात कुठलाही प्रोग्रॅम चुकूनसुद्धा काही बाहेर पाठवणार नाही.

विंडोजवर जीपीजी-फॉर-विन हा फुकट संच घ्या. त्यात खरं काम करणारा जीएनयूपीजी आणि त्याचा खिडक्या-बटणांचा चेहरा क्लिओपात्रा, दोन्ही असतात. डाउनलोडच्या पानावर आधी देणगी विचारतात. तिथे शून्य रक्कम निवडली तरी चालतं, बरेच जण तिथूनच घाबरून परत फिरतात आणि कुठल्यातरी तिसऱ्याच साईटवरून फाईल उचलतात. ते करू नका. इन्स्टॉल करताना विंडोज परवानगी मागतं, त्या चौकटीत प्रकाशकाचं नाव दिसलं पाहिजे. 'अननोन पब्लिशर' दिसलं तर थांबा, फाईल पुसा. लिनक्सवर जीएनयूपीजी बहुतेक वेळा आधीपासून असतोच, मॅकवर जीपीजी सूट. पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे, फक्त बटणांची नावं बदलतात.

कॉम्प्युटर सगळ्यांचा असेल तर इन्स्टॉल करण्याआधी विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं खातं करा, त्याला स्वतःचा पासवर्ड लावा आणि चावी त्याच खात्यात करा. जीएनयूपीजी चाव्या प्रत्येक खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो. घरातले सगळे एकाच खात्यात बसत असतील तर तुमची चावी त्यांच्याही हातात आहे, मध्ये फक्त पासफ्रेज उभा. वेगळं खातं असलं तरी ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क आहेत तो तुमच्या फोल्डरात शिरू शकतो. घरातला कॉम्प्युटरवाला पुतण्या ॲडमिन असेल तर या खात्याचा उपयोग त्याच्यापुरता नाही, हे आधीच समजून घ्या. त्यावरचा उपाय खाली आहे.

क्लिओपात्रात फाईल मेनूमधून नवी ओपनपीजीपी (पीजीपीचंच खुलं रूप) चावीजोडी करा. नाव आणि मेलचा पत्ता विचारेल. तिथेच 'चावीला पासफ्रेज लावा' अशा अर्थाची एक चौकोनी खूण असते, ती केलेली आहे ना बघा. खूण नसली तर चावी उघडीच तयार होते आणि प्रोग्रॅम काही कुरकुर करत नाही. मुदत दोन-तीन वर्षांची ठेवा. मुदत संपली म्हणजे मेसेज उघडणं थांबतं असं नाही, फक्त भावाला त्या चावीवर नवीन मेसेज बंद करता येत नाही. मुदत कधीही वाढवता येते, वाढवल्यावर सार्वजनिक चावी त्याला पुन्हा पाठवावी लागते एवढंच.

पासफ्रेजवर जरा थांबतो, कारण मराठी माणसाची इथे एक खास फजिती होते. देवनागरीत पासफ्रेज ठेवावा असं वाटणं साहजिक आहे, पण कॉम्प्युटर अक्षरं बघत नाही, त्यामागचे बाइट बघतो. 'वाऱ्यावर' हा शब्द एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन उमटतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून 'वार्‍यावर' असा उमटतो. डोळ्याला दोन्ही सारखेच. 'ॲप' आणि 'अॅप' यांचंही तसंच. इनस्क्रिप्टवर ठेवलेला पासफ्रेज फोनेटिक कीबोर्डवर तंतोतंत टाइप केला तरी चूक ठरतो, आणि पासफ्रेजच्या चौकटीत ठिपकेच दिसत असल्याने काय चुकलं ते कळायला मार्ग नाही. त्यात विंडोज पुन्हा टाकलं, कीबोर्ड बदलला, की स्वतःच्याच चावीबाहेर आपण उभे. म्हणून शब्द मराठी असू देत, पण लिहा रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, शब्दांमध्ये एकेक मोकळी जागा. एका शब्दाचं एकच स्पेलिंग ठरवा. 'मासळी'च्या शेवटी रोमन आय लावायचा का डबल ई, हे ऐन वेळी आठवत बसायला नको.

शब्द मनाने निवडू नका. मनाने निवडले की आंबा, काजू, फणस, नारळ हेच येणार, आणि तुम्हाला ओळखणारा माणूस तिथूनच सुरुवात करणार. फासे टाकून निवडायची पद्धत चांगली: ७,७७६ शब्दांची यादी असते, पाच फासे टाकले की एक शब्द ठरतो, असे सहा शब्द घ्यायचे. इंग्रजी यादी नको असेल तर जाडसा मराठी शब्दकोश घ्या, पान आणि शब्द फाशांनी ठरवा. अशा सहा शब्दांची ताकद सुमारे ७७ बिट, म्हणजे एकेक करून आजमावत बसणाऱ्याच्या आवाक्याबाहेर. अभंगाची ओळ, गाऱ्हाण्यातलं वाक्य, घराचं नाव आणि जन्मसाल, हे काहीही नको. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल हा पासवर्ड असतो. तो तुमच्या गल्लीतल्या कुणालाही बांधता येतो. तो नमुना डोळ्यासमोर ठेवायचा नाही.

आता प्रत्यक्ष उघडणं. मेसेज मजकुराच्या रूपात आला असेल तर क्लिओपात्रात वरच्या पट्टीवर 'नोटपॅड' म्हणून बटण आहे, ते वापरा. विंडोजचा नोटपॅड नव्हे, क्लिओपात्राच्या आतला. मेलमधला मजकूर पहिल्या पाच आडव्या रेघांपासून शेवटच्या पाच रेघांपर्यंत उचलायचा, तिथे चिकटवायचा, 'डिक्रिप्ट / व्हेरिफाय' दाबायचं, पासफ्रेज द्यायचा. त्याच जागी साधा मजकूर दिसतो. वाचा, चौकट पुसा, बंद करा. मजकुराची फाईल तयारच होत नाही, ही या रस्त्याची सगळ्यात मोठी सोय. जोडलेली फाईल असेल, म्हणजे नावाच्या शेवटी एएससी किंवा जीपीजी असेल, तर तिच्यावर उजवी क्लिक करून उघडावी लागते आणि आतला कागद डिस्कवर उतरतोच. त्याचं नंतर काय करायचं ते पुढे आहे. शेवटी पी-सेव्हन-एम असेल तर ते पीजीपी नाही, एसमाईम ही मेल बंद करण्याची वेगळी पद्धत आहे. तिथे सर्टिफिकेट लागतं आणि वरची चावी उपयोगाची नाही.

रोजचंच काम असेल तर थंडरबर्ड सोयीचा. २०२० सालच्या ७८व्या आवृत्तीपासून त्याच्यात ओपनपीजीपी आतूनच आहे. दोन खाचा लक्षात ठेवा. एक, तो जीएनयूपीजीच्या चाव्या आपणहून घेत नाही, स्वतःचा वेगळा जुडगा ठेवतो, त्यामुळे क्लिओपात्रात चावी असूनही थंडरबर्ड 'चावी नाही' म्हणतो. दोन, त्याच्या सेटिंगमध्ये प्रायमरी पासवर्ड लावला नाही तर त्या खात्यात बसणाऱ्या कुणालाही मेसेज उघडून दिसतात. आणि मेल एचटीएमएलऐवजी, म्हणजे वेबपानासारख्या सजवलेल्या रूपाऐवजी, साध्या मजकुरात दिसेल असं ठेवा, बाहेरची चित्रं आपोआप उतरू देऊ नका. २०१८ च्या मे महिन्यात ईफेल नावाने जी त्रुटी गाजली ती नेमकी इथली होती: एन्क्रिप्टेड मेलभोवती एचटीएमएलचा सापळा रचायचा आणि उघडलेला मजकूर चित्राच्या पत्त्यात भरून बाहेर पाठवून द्यायचा. चावी कुणी चोरली नाही, पासफ्रेज फोडला नाही, आणि तरी मजकूर गेला.

मेसेज उघडत नाही तेव्हा काय? सगळ्यात जास्त येणारी तक्रार 'नो सिक्रेट की'. याचा अर्थ पासफ्रेज चुकला असा नाही. अर्थ असा की आतली छोटी पुडी भलत्याच चावीने बंद केली आहे, किंवा तुमच्या या खात्यात ती खाजगी चावी नाही. बहुतेक वेळा भावाकडे तुमची जुनी सार्वजनिक चावी पडलेली असते आणि त्याचा प्रोग्रॅम तीच उचलतो. कधी घाईत तो फक्त स्वतःच्याच चावीवर बंद करतो. मेसेज कुठल्या चावीसाठी आहे ते न उघडताही कळतं: कमांड लाईनवर जीपीजी, मग दोन हायफन जोडून 'लिस्ट-पॅकेट्स', आणि फाईलचं नाव. त्यात सोळा आकडे-अक्षरांचा चावी क्रमांक दिसतो. तो आपल्या मुख्य चावीच्या क्रमांकाशी जुळत नाही म्हणून लगेच घाबरू नका. ओपनपीजीपीच्या चावीला पोटचाव्या असतात, सही मुख्य चावीने होते आणि मेसेज बंद होतो तो पोटचावीवर, तिचा क्रमांक वेगळाच असतो. क्लिओपात्रात चावीचे तपशील उघडून पोटचाव्यांची यादी बघा आणि तिथे जुळवा.

याच तक्रारीचा एक प्रकार असा आहे ज्याला औषध नाही. कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी 'चावी सेव्ह केली' म्हणून एक फाईल ठेवलेली असते, आणि ती निघते सार्वजनिक चावी. क्लिओपात्रात 'एक्सपोर्ट' म्हटलं की सार्वजनिक चावीच बाहेर येते. खाजगीसाठी 'बॅकअप सिक्रेट कीज' हा वेगळा पर्याय आहे. फाईल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचा. तिथे 'पब्लिक की ब्लॉक' असेल तर तो बॅकअप नव्हे, 'प्रायव्हेट की ब्लॉक' असेल तरच बॅकअप. फॉरमॅट करायच्या आधी हा अर्धा मिनिट घालवा.

दुसरी तक्रार 'नो व्हॅलिड ओपनपीजीपी डेटा' किंवा सीआरसीची चूक. इथे चावीचा दोष नाही, मजकूर वाटेत मोडला आहे. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत शब्दांच्या दोन्ही बाजूंना बरोबर पाच-पाच हायफन लागतात. वर्ड किंवा मोबाईलचा कीबोर्ड हौसेने दोन हायफनची एक लांब रेघ करून टाकतो, आणि प्रोग्रॅमला ती ओळ ओळखता येत नाही. पहिल्या ओळीखाली, मुख्य मजकुराआधी एक कोरी ओळ असायलाच हवी, कॉपी करताना ती गायब होते. तळाशी बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारी छोटी ओळ ही बेरजेची पडताळणी असते, ओपनपीजीपीच्या नव्या स्टँडर्डमध्ये ती नसली तरी चालते, पण असेल आणि जुळत नसेल तर मधलं एखादं अक्षर गळलं आहे. हाताने दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. भावाला सांगा, मजकूर चिकटवू नको, फाईल जोडून पाठव. जहाजावर डेटा मोजून-मापून मिळत असेल तर त्याला जीपीजी शेपटाची बायनरी फाईल पाठवायला सांगा. मजकुराच्या रूपातली एएससी फाईल त्यापेक्षा साधारण ३५ टक्क्यांनी फुगते, आणि सातबाऱ्याच्या पाच-सहा फोटोंना तो फरक जाणवतो.

'मेसेजला अखंडतेचं संरक्षण नाही' अशा अर्थाची चूक आली तर ती दाबून पुढे जाऊ नका. २.२.८ या आवृत्तीपासून जीएनयूपीजी असा मेसेज उघडायलाच नकार देतो, आणि ते बरोबर आहे. भाऊ फार जुना प्रोग्रॅम वापरतो आहे किंवा मेसेजशी वाटेत कुणी खेळलं आहे. दोन्हीत उपाय एकच, नव्या प्रोग्रॅममधून पुन्हा पाठवायला सांगणं.

आपल्याकडची एक खास गंमत घड्याळाची. जुना डेस्कटॉप, सारखी जाणारी लाईट, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. लाईट आली की कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जाऊन उभा राहतो. मग जीएनयूपीजी म्हणतो की ही चावी 'भविष्यात' तयार झाली आहे, सही पटत नाही, भावाला उत्तर एन्क्रिप्ट होत नाही. माणूस चावी बिघडली समजून नवी करतो आणि घोळ वाढवतो. कोपऱ्यातली तारीख बघा, सेल बदला, काम झालं.

मेसेज उघडला म्हणजे तो भावानेच पाठवला असं सिद्ध होत नाही. तुमची सार्वजनिक चावी ज्याच्याकडे आहे तो कुणीही तुमच्यासाठी मेसेज बंद करू शकतो. जमिनीच्या कामात हा मुद्दा वाचण्याइतकाच मोठा आहे. 'संमतिपत्रावर सही करून टाक' असा मेसेज आला तर आधी त्यावर भावाची सही जुळते का ते बघा. त्यासाठी त्याच्या चावीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, एकदा आवाज ओळखून जुळवून घ्यावा लागतो. चाळीस आकडे-अक्षरं, चार-चारचे दहा गट. व्हिडिओ कॉलवर तो वाचेल, तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून बघा, मग दुसऱ्या बाजूने. दोन-तीन मिनिटांचं काम. ज्या मेलने चावी आली त्याच मेलने ठसा मागवणं म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणं.

आता उरलेला आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा भाग. मेसेज उघडणं दोन मिनिटांचं, उघडलेला मजकूर कुठे कुठे सांडला ते शोधणं कठीण. विंडोज ११चा नोटपॅड बंद केला तरी सेव्ह न केलेला मजकूर पुढच्या वेळी पुन्हा दाखवतो, म्हणजे तो डिस्कवर ठेवतो. विंडोज आणि व्ही ही बटणं एकत्र दाबा, कॉपी केलेल्या गोष्टींचा इतिहास समोर येतो. तो चालू असेल तर बंद करा, आणि फोनशी जोडलेला असेल तर तो जोडही तोडा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बऱ्याच कॉम्प्युटरवर वनड्राइव्हला आपोआप जोडलेले असतात. तिथे उघडलेला कागद ठेवला की नेट आल्याबरोबर त्याची प्रत ढगात जाते. कागद उघडण्यासाठी सिंकमध्ये नसलेला वेगळा फोल्डर करा, आणि वर्डऐवजी एखादा साधा पीडीएफ किंवा फोटो दाखवणारा प्रोग्रॅम वापरा, कारण वर्ड वाचवण्याच्या नादात इकडेतिकडे प्रती टाकतो.

पासफ्रेज दिल्यावर जीएनयूपीजी तो थोडा वेळ लक्षात ठेवतो: शेवटच्या वापरानंतर ६०० सेकंद, आणि कितीही वापरत राहिलात तरी जास्तीत जास्त ७,२०० सेकंद. क्लिओपात्राची खिडकी बंद केली म्हणजे ही आठवण गेली असं नाही, ती ठेवणारा भाग मागे चालूच असतो. उठताना टूल्स मेनूमधून 'क्लिअर पासफ्रेज कॅश' करा आणि खात्यातून पूर्ण बाहेर पडा. नुसतं 'स्विच युजर' पुरत नाही.

आणि लाईट. लॅपटॉपवर मेसेज उघडून बसलात, लाईट गेली, बॅटरी संपत आली की विंडोज हायबरनेट होतं. म्हणजे त्या क्षणी मेमरीत जे जे आहे, उघडलेला मजकूर, लक्षात ठेवलेला पासफ्रेज, ते सगळं एका मोठ्या फाईलमध्ये डिस्कवर लिहून काढतं. जीएनयूपीजी आपली मेमरी डिस्कवर जाऊ नये म्हणून धडपडतो, पण हायबरनेटपुढे त्याचं चालत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड खिडकीत पॉवरसीएफजी, हायफन, एच, ऑफ असं दिलं की हायबरनेट बंद होतं आणि ती फाईलही जाते. याहून पक्का उपाय म्हणजे सगळी डिस्कच एन्क्रिप्ट करणं. विंडोज प्रोवर बिटलॉकर, होमवर काही लॅपटॉपमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', लिनक्सवर लक्स. मात्र बिटलॉकरची सुटकेची चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा झाली आहे का ते बघून घ्या आणि ती कुणी वाचावी की नाही ते ठरवा.

डिस्क एन्क्रिप्ट केल्याचा दुसरा फायदा दुरुस्तीच्या वेळी. खाऱ्या हवेत लॅपटॉप बिघडतातच, आणि मग तो मालवण-कुडाळहून पुढे कोल्हापूरला जातो, तिथे पासवर्ड कागदावर लिहून मागतात. देऊ नका. स्क्रीन किंवा चार्जिंगचं काम असेल तर बऱ्याच लॅपटॉपमधला एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, एका स्क्रूवर असतो, तो काढून घरी ठेवा, दुरुस्ती करणारा स्वतःची डिस्क लावून तपासू शकतो. 'फाईल पुसून देतो' यावर विसंबू नका. एसएसडी झीज वाटून घेण्यासाठी प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहितो, त्यामुळे वरून कितीदा लिहिलं तरी जुनी प्रत आत राहू शकते. उघडा मजकूर मुळात डिस्कवर न उतरू देणं हाच खरा बंदोबस्त, म्हणून वर क्लिओपात्राच्या आतल्या नोटपॅडचा आग्रह धरला.

ॲडमिन असलेल्या पुतण्यासाठीचा उपाय: टेल्स. निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ही पूर्ण प्रणाली बसते, कॉम्प्युटर त्यावरूनच चालू होतो, आतल्या विंडोजला हात लावत नाही, आणि बंद केलं की मेमरीतलं सगळं जातं. क्लिओपात्रा तिच्यात आधीपासून आहे. चावी ठेवण्यासाठी त्याच पेनड्राइव्हवर पासफ्रेज लावलेली कायमची जागा करता येते. एन्क्रिप्टेड फाईल दुसऱ्या पेनड्राइव्हवरून आणायची, नेट जोडायचंच नाही, वाचायचं, बंद करायचं. चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि जुन्या कॉम्प्युटरवर बूटचा क्रम, म्हणजे आधी कशावरून चालू व्हायचं ते, बदलावा लागतो, एवढाच त्रास. कॉम्प्युटरला मधेच कुणी की-टाइप नोंदवणारं उपकरण जोडलं असेल तर टेल्सही वाचवणार नाही, पण घरगुती वाटणीत गोष्ट तिथवर जात नाही. खर्चाची तयारी असेल तर युबिकी किंवा नायट्रोकीसारखं ओपनपीजीपी कार्ड, म्हणजे चावी पोटात ठेवणारं छोटं उपकरण, घ्या. चावी त्यातून बाहेर काढताच येत नाही, आणि पिन तीनदा चुकला की ते बंद होतं. आल्यावर पहिलं काम म्हणजे पिन बदलणं, कारखान्यातून तो १२३४५६ असाच येतो. ॲडमिन पिनही बदला.

शेवटी चावीचा बॅकअप, कारण कोकणात चावी चोरीला जाण्याआधी ओलीने जाते. पेनड्राइव्हची टोकं खाऱ्या हवेने गंजतात, इंकजेटची शाई दमट कपाटात पसरते, कागदावर बुरशी चढते. खाजगी चावीचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत कागदावर लेझर प्रिंटरने. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात मात्र प्रिंट काढू नका, त्या मशीनच्या आणि कॉम्प्युटरच्या पोटात प्रत राहते. कागदासाठी पेपरकी नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो चावीतला फक्त गुप्त भाग काढून देतो, त्यामुळे टाइप करायचा मजकूर बराच कमी होतो. मात्र परत जोडताना सार्वजनिक चावी लागते, ती वेगळी जपा. पासफ्रेज त्या कागदावर लिहायचा नाही.

चावी रद्द करण्याचा दाखला जीएनयूपीजी चावी करतानाच बनवून ठेवतो, आपल्या फोल्डरातल्या 'ओपनपीजीपी-रिव्होक्स डॉट डी' या नावाच्या कप्प्यात. चुकून वापरला जाऊ नये म्हणून त्यातल्या रेघांच्या आधी एक विसर्गासारखं चिन्ह, म्हणजे कोलन, घातलेलं असतं, वापरायच्या वेळी ते काढावं लागतं. हा दाखला चावीसोबत एकाच डब्यात ठेवू नका. चावी हरवली तर निदान दाखला तरी हाती हवा.

ठेवायचं कुठे? सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, आणि तळमजल्यावर नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा खालच्या कपाटांतलं काही उरलं नाही, आणि राजापूरच्या बाजारपेठेला तर पाण्याची सवयच आहे. एक डबा माळ्यावर, दुसरी प्रत गावाबाहेर, मुंबईच्या खोलीवर राहणाऱ्या विश्वासातल्या माणसाकडे, बंद पाकिटात. त्याच्याकडे चावी, पासफ्रेज तुमच्याकडे.

न तपासलेला बॅकअप धरायचा नाही. वर्षातून एकदा, गणपतीला मुंबईकर येतील तेव्हा ते पाकीटही मागवा. विंडोजमध्ये एक रिकामं तात्पुरतं खातं करा, वायफाय बंद ठेवा, पेनड्राइव्हवरची चावी त्यात आणा आणि भावाचा एखादा जुना, बिनमहत्त्वाचा मेसेज उघडून बघा. उघडला तर ते खातं त्याच्या फायलींसकट पुसा, सिलिका जेल बदला आणि पाकीट नव्याने बंद करून परत द्या. नाही उघडला, तर चालू चावी तुमच्या कॉम्प्युटरवर जिवंत आहे तोवर त्याच दिवशी नवा बॅकअप घ्या.